लिलावातले घर: पहिल्यांदाच बोली लावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरासाठी निवडलेली सर्व पत्रे एकाच विषयाची आहेत. कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेली किंवा अन्य कारणाने अडचणीत सापडलेली मालमत्ता स्वस्तात मिळते, असे ऐकून अनेक जण आयुष्यभराची बचत घेऊन या वाटेने निघाले आहेत. त्यांनी बोली लावण्यापूर्वी हे वाचावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

प्रश्न: मी पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करतो. एका बँकेच्या जाहीर नोटिशीत माझ्या घराजवळच्या संकुलातील सदनिकेची राखीव किंमत ३८ लाख रुपये दिली आहे. तशाच सदनिका तिथे ५२ ते ५५ लाखांना विकल्या जातात. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिले आहे. माझ्याजवळ १४ लाख रुपये आहेत आणि उरलेली रक्कम कर्जातून उभी करता येईल. मालमत्तेतील ही माझी पहिलीच गुंतवणूक असेल. बोली लावावी का?

उत्तर: तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत असे की या सदनिकेवर बोली लावू नये. त्याची दोन कारणे आहेत, एक ताब्याचे आणि दुसरे पैशाचे. दोन्ही नीट समजून घेतलीत तर पुढची नोटीस तुमची तुम्हालाच पारखता येईल.

हे लिलाव बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, होतात. कर्जाचे हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादित ठरते आणि त्यानंतर बँक कलम १३(२) खाली कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली बँकेचा प्राधिकृत अधिकारी तारण मालमत्तेचा ताबा घेतो. हा ताबा दोन प्रकारचा असतो. सांकेतिक ताब्यात अधिकारी दारावर ताबा नोटीस लावतो आणि ती दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात, प्रसिद्ध करतो. घरात मात्र कर्जदाराचे कुटुंब पूर्वीसारखेच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यात घर रिकामे होऊन किल्ली बँकेकडे येते. कर्जदार घर सोडायला तयार नसेल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करावा लागतो. कायद्याने या अर्जावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत, आदेश व्हावा असे म्हटले आहे. परंतु आदेश होणे, तो तहसीलदाराकडे पोहोचणे, पोलीस बंदोबस्त मिळणे आणि ठरल्या दिवशी प्रत्यक्ष कारवाई होणे यांत पुष्कळ काळ जातो. सांकेतिक ताब्यावरची मालमत्ता तुम्ही घेतली की हा सारा काळ तुमच्या पैशावर, तुमच्या व्याजावर आणि तुमच्या घरभाड्यावर जातो. राखीव किंमत कमी दिसते त्यात या प्रतीक्षेचा वाटा मोठा असतो.

आता पैशाचा हिशेब पाहू. राखीव किंमत ही केवळ सुरुवात असते आणि चार बोलीदार आले तरी ती वर चढते, म्हणून ४१ लाखांवर बोली तुमच्या नावे झाली असे धरू. राखीव किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ३ लाख ८० हजार रुपये, इसारा रक्कम म्हणून आधीच भरलेले असतील. या कायद्याखालील नियमांतील नियम ९(३) प्रमाणे बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा उशिरात उशिरा पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण करावी लागते; म्हणजे १० लाख २५ हजारांतून इसारा वजा जाता ६ लाख ४५ हजार रुपये एका दिवसात हवेत. उरलेले ३० लाख ७५ हजार रुपये विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. बँकेने लेखी मान्यता दिली तर ही मुदत वाढते, पण ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. पुण्याच्या हद्दीत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर २ लाख ८७ हजार, आणि नोंदणी शुल्क कमाल मर्यादेनुसार ३० हजार रुपये होते. (स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे.) लिलावाची किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांत तफावत असेल तर शुल्क कशावर धरले जाईल, हे बोलीपूर्वीच दुय्यम निबंधकाकडे विचारून ठेवा. हे सर्व भागवल्यावर तुमच्या १४ लाखांतून सुमारे ५८ हजार रुपये उरतात, आणि सोसायटीची थकबाकी, वकिलाची फी, घराची डागडुजी हे खर्च तर अजून हिशेबात आलेलेच नाहीत.

खरा धोका त्या पुढच्या ३० लाख ७५ हजारांत आहे. ज्या घरात मूल्यांकनकाराला पाऊल ठेवता येत नाही, अशा घरावर दुसरी बँक पंधरा दिवसांत कर्ज देईल ही अपेक्षा ठेवता येत नाही. मुदत चुकली की नियम ९(५) प्रमाणे भरलेली रक्कम जप्त होते. याविषयी कोणी ‘न्यायालयात जाऊन परत मिळवता येते’ असे सांगत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात २ फेब्रुवारी २०२४ रोजी दिलेला निकाल त्याला दाखवावा. त्या खरेदीदाराने चौथा हिस्सा म्हणून तीन कोटींहून अधिक रक्कम भरली होती आणि उरलेली रक्कम तो मुदतीत भरू शकला नाही. पुढच्या लिलावात बँकेला आधीपेक्षा जास्त किंमत मिळाली, म्हणजे बँकेचे काही नुकसान झाले नाही. तरीही संपूर्ण रक्कम जप्त करणे न्यायालयाने वैध ठरवले. तुमच्या बाबतीत ही रक्कम १० लाख २५ हजार आहे, आणि तुमच्या पत्रावरून ती तुमची बहुतेक सगळी बचत आहे असे दिसते.

घर घ्यायचेच असेल तर थांबा. नोटिशीत ‘प्रत्यक्ष ताबा’ असे स्पष्ट लिहिलेली, पाहणीची तारीख दिलेली आणि तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलेली सदनिका येईपर्यंत बोली लावू नका. त्याआधी कर्जाची तत्त्वतः मंजुरी लेखी घेऊन ठेवा आणि लिलाव करणारी बँकच त्या मालमत्तेवर कर्ज देते का, हे शाखेत विचारा, कारण कागदपत्रे तिच्याचकडे असतात. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या मालमत्ता जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहायला मिळतात. त्यांची यादी नियमाने चाळत राहिलात तर एकच मालमत्ता किती वेळा लिलावाला येते आणि तिची राखीव किंमत कशी उतरते हे दिसू लागते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या मालमत्तेत काहीतरी अडचण असते, एवढे समजायला ते पुरेसे आहे. इसारा रक्कम फक्त नोटिशीत किंवा अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या मार्गानेच भरा. कोणत्याही मध्यस्थाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

प्रश्न: लिलावात घर आपल्या नावे झाल्यावर जुना मालक पैसे भरून ते परत घेऊ शकतो का? (ठाणे)

उत्तर: २०१६ मध्ये कलम १३(८) मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला संपूर्ण थकबाकी भरून तारण सोडवण्याचा अधिकार लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. २१ सप्टेंबर २०२३ रोजी ‘सेलिर’ विरुद्ध ‘बाफना मोटर्स’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. ते प्रकरण तुमच्या ठाणे जिल्ह्यातलेच, औद्योगिक वसाहतीतील एका भूखंडाचे होते. सुमारे १०५ कोटींची सर्वोच्च बोली लावून खरेदीदाराने सर्व पैसे भरले होते; त्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले आणि उच्च न्यायालयाने ते स्वीकारण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून लिलावातील खरेदीदाराचा हक्क उचलून धरला.

मात्र तारण सोडवण्याचा अधिकार संपला तरी कारवाईला आव्हान देण्याचा अधिकार संपत नाही. कलम १७ खाली कर्जदाराला ४५ दिवसांच्या मुदतीत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि मागणी नोटीस नीट पोहोचली नाही, विक्रीपूर्वीची ३० दिवसांची नोटीस मिळाली नाही, मूल्यांकन नियमाप्रमाणे झाले नाही अशा एखाद्या त्रुटीवरून विक्री रद्दही होऊ शकते. वर सांगितलेल्या प्रकरणातही खरेदीदाराला निकालानंतर ताबा आणि निर्वेध हक्क मिळवण्यासाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा निकाल घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला जे सोसले ते मध्यमवर्गीय कुटुंबाला सोसेलच असे नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी कर्जदाराच्या नावाने न्यायाधिकरणाच्या आणि न्यायालयांच्या संकेतस्थळांवर प्रलंबित प्रकरणे शोधा, आणि प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल पाठवून ‘या मालमत्तेविषयी कोणते दावे प्रलंबित आहेत’ असे लेखी विचारा. तोंडी उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, तेव्हा प्रत्यक्ष चौकशी करणेही फारसे अवघड नाही.

प्रश्न: ‘जेथे आहे जसे आहे’ या अटीचा नेमका अर्थ काय? आम्ही डोंबिवलीत लिलावात घेतलेल्या सदनिकेवर सोसायटी आता जुन्या मालकाची चार वर्षांची देखभाल थकबाकी मागत आहे. बँक हात वर करते.

उत्तर: या अटीचा अर्थ असा की मालमत्तेच्या दोषांची आणि तिच्यावरच्या देण्यांची चौकशी करण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. बँकेला जी देणी माहीत असतात ती तिने विक्रीच्या नोटिशीत उघड करायला हवीत. पण सोसायटीची थकबाकी बँकेला अनेकदा ठाऊकच नसते, आणि नोटिशीतल्या बारीक अक्षरांत ‘ज्ञात-अज्ञात सर्व देणी खरेदीदाराने भरावयाची आहेत’ असे वाक्य असते. तुमच्या नोटिशीत आणि विक्री प्रमाणपत्रात तसे वाक्य असेल तर बँकेकडून फारशी आशा धरू नका.

सोसायटीशी मात्र बोलता येईल. थकबाकीचा वर्षवार तक्ता लेखी मागा आणि व्याजाचा दर उपविधींनुसार आहे का ते पाहा. मूळ देखभाल शुल्क, दुरुस्ती निधी, दंड आणि व्याज वेगवेगळे दाखवले की बहुतेक वेळा आकडा खाली येतो. जुना मालक तिथे राहत नव्हता म्हणून भोगवटेतर शुल्क लावले असेल तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार रुपयांपलीकडे घेता येत नाही. त्याहून अधिक रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागितली जात असेल तर देण्याचे बंधन नाही. समितीने सदस्यत्व अडवून धरले तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो. विजेची थकबाकी ही जुन्या ग्राहकाची वैयक्तिक बाब आहे, असा पुष्कळांचा समज असतो. १९ मे २०२३ रोजी केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की लागू असलेल्या नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी नव्या जोडणीपूर्वी जुनी थकबाकी मागू शकते, आणि ‘जेथे आहे जसे आहे’ तत्त्वावर घेणाऱ्याने ती चौकशी आधीच करायला हवी होती. निवासी सदनिकेत ही रक्कम लहान असते. गाळा किंवा कारखाना घेणाऱ्याने मात्र महावितरणकडून लेखी आकडा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी गोष्ट विक्रीकर किंवा जीएसटी विभागाच्या बोजाची. कर्जदार व्यापारी असेल तर सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर असा बोजा असू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या निकालानुसार, बँकेने आपले तारण केंद्रीय नोंदवहीत नोंदवले असेल तर तिचे येणे राज्याच्या करापुढे प्राधान्याचे ठरते. परंतु करविभागाची जप्ती २४ जानेवारी २०२० पूर्वी रीतसर जाहीर झाली असेल तर परिस्थिती बदलू शकते. असा बोजा दिसला की वकिलाच्या लेखी मताशिवाय बोली लावू नये.

प्रश्न: लिलावातील घरात भाडेकरू असेल तर त्याला बाहेर काढता येते का? (दादर)

उत्तर: भाडेकरू कोणत्या प्रकारचा आहे यावर उत्तर अवलंबून आहे. दादर-गिरगाव भागात, जिथे पागडीची घरे अजून आहेत, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसी कायद्याच्या आधारे सरसकट हुसकावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात म्हटले. त्याचा गैरफायदा घेत ऐनवेळी उभे केलेले ‘तोंडी भाडेकरू’ वाढू लागले, तेव्हा २०१९ मध्ये बजरंग अग्रवाल प्रकरणात न्यायालयाने नोंदणीकृत कराराचा आधार नसलेल्या अशा दाव्यांना मर्यादा घातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा अनुमती-अनुज्ञप्तीचा (लीव्ह अँड लायसन्स) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून त्या सदनिकेच्या सूची क्रमांक दोनच्या (इंडेक्स टू) नोंदी काढून पाहाव्यात.

कागदी शोध संपल्यावर त्या इमारतीत जा. सोसायटीचे सचिव, पहारेकरी, शेजारी यांच्याशी सौजन्याने बोला. घरात कोण राहते, कधीपासून राहते, भाडे कोणाला देते हे तिथेच समजते. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याने भाडेकरू असलेल्या लिलावातील मालमत्तेच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेने शेतजमिनीचा लिलाव काढला आहे. मी शिक्षिका आहे, घरात कोणी शेतकरी नाही. जमीन घेता येईल का? (सांगली जिल्हा)

उत्तर: नाही. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि लिलावातून घेतली म्हणून त्यातून सुटका होत नाही.

पतसंस्थेच्या लिलावाविषयी एवढे ध्यानात ठेवा की तिथे सरफेसी कायदा नसून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि त्याखालील १९६१ च्या नियमांतील नियम १०७ लागू होतो. (सहकारी बँकांची गोष्ट वेगळी. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांनाही सरफेसी कायद्याचा आधार घेता येतो असे ठरवले आहे.) नियम १०७ प्रमाणे विक्रीच्या वेळी १५ टक्के रक्कम आणि उरलेली १५ दिवसांत भरावी लागते. विक्रीपासून ३० दिवसांच्या आत मूळ मालकाने संपूर्ण येणे आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के अधिक रक्कम भरली तर विक्री रद्द होऊ शकते. उद्या बिनशेती भूखंडाचा असा लिलाव आला तर या अटी समोर ठेवूनच विचार करा.

प्रश्न: रखडलेल्या गृहप्रकल्पात जुने ग्राहक आपली सदनिका ३०-४० टक्के कमी किमतीत विकत आहेत. प्रकल्प पूर्ण झाला तर मोठा फायदा होईल, असे मध्यस्थ सांगतो. (पनवेल)

उत्तर: ‘प्रकल्प पूर्ण झाला तर’ या चार शब्दांवरच तो सगळा फायदा उभा आहे. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे पान उघडून पूर्णत्वाची मूळ आणि वाढवलेली तारीख, किती सदनिका विकल्या गेल्या, प्रकल्पावर कोणाचे कर्ज आहे आणि किती तक्रारी आहेत हे पाहा. दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली असेल तर तिच्या काळात वसुलीच्या कारवायांना स्थगिती असते, म्हणजे तुम्हाला बाहेर पडण्याचा मार्गही बंद होतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये २५ हजार कोटींचे लक्ष्य ठेवून ‘स्वामिह’ निधी उभारला आणि त्यातून अनेक इमारती पूर्ण झाल्या हे खरे आहे. त्यामुळे या प्रकल्पाला तो निधी प्रत्यक्ष मंजूर झाला आहे का, एवढे कागदावर पाहिल्याशिवाय मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नका.

घर राहण्यासाठी घेणारा आणि नफ्यासाठी घेणारा यांत कायदा आता फरक करू लागला आहे, हेही जाणून घ्या. २०१८ पासून गृहखरेदीदाराला दिवाळखोरी संहितेखाली वित्तीय धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखा, दर्जा आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निव्वळ सट्ट्यासाठी पैसे गुंतवणाऱ्याला बिल्डरविरुद्ध ती कार्यवाही सुरू करता येणार नाही. ठरावीक परताव्याचे किंवा सदनिका परत विकत घेण्याचे आश्वासन देणारा करार तुमच्यापुढे आला तर त्यावर सही करू नका.

प्रश्न: एखाद्या कुटुंबावर वाईट वेळ आली म्हणून त्यांचे घर स्वस्तात घेणे मला बरोबर वाटत नाही. मुलगा म्हणतो, हा फक्त व्यवहार आहे. आपले मत सांगावे. (नाशिक)

उत्तर: तुमच्या मनातली अस्वस्थता मला मोलाची वाटते आणि तिला मी भाबडेपणा म्हणणार नाही. आजारपण, नोकरी जाणे, धंदा बुडणे, ज्याला जामीन राहिलो त्या भावाने फसवणे अशा कारणांनी घरे जातात, आणि त्या घरात म्हातारी माणसे असतात, दहावी-बारावीची मुले असतात. तरीही व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. सरफेसी कायद्याच्या कलम १३(७) प्रमाणे लिलावातून आलेल्या रकमेतून बँकेचा खर्च आणि येणे वजा झाल्यावर उरलेली रक्कम मूळ मालकाला मिळते. बोली जितकी रास्त, तितके त्या कुटुंबाचे देणे फिटते. कोणीच बोली लावली नाही तर राखीव किंमत उतरत जाते, व्याज चढत जाते आणि घर जाऊनही कर्ज शिल्लक राहते. वाईट आहे ते आपसांत संगनमत करून किंमत पाडणे आणि ताब्यासाठी गुंड पाठवून बायका-मुलांना धमकावणे. असे करणारे लोक या क्षेत्रात आहेत. तुमच्या मुलाने त्यांच्याबरोबर उभे राहू नये.

याहून चांगला, आणि नवख्या माणसाला तुलनेने सुरक्षित, असा एक मार्ग आहे. त्याची चर्चा फार कमी होते. हप्ते थकू लागले आहेत पण लिलावाची नोटीस अजून निघालेली नाही, अशा टप्प्यावर मालक स्वतःच बँकेच्या लेखी संमतीने घर विकू शकतो. बँकेकडून कर्जाच्या एकूण येण्याचे पत्र घ्यायचे, तुमची रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरायची, वरची रक्कम मालकाला द्यायची, आणि बँकेने मूळ कागदपत्रे व बोजा उतरवल्याचे पत्र दिले की दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत नोंदवायचे. यात मालक स्वतः सही करतो, घर स्वतः दाखवतो, किल्ली स्वतःच्या हाताने देतो, आणि लिलावाची नामुष्की टळल्यामुळे थोडी सवलतही खुशीने देतो. किंमत लिलावाइतकी उतरत नाही हे खरे. पण ताब्याचा झगडा नसतो, न्यायाधिकरण नसते आणि गृहकर्जही सहज मिळते. मालकाला थेट रोख किंवा उसनवार रक्कम मात्र कधीही देऊ नका. प्रत्येक रुपया बँकेमार्फत गेला पाहिजे. मुलाला गुंतवणूक करायचीच असेल तर त्याने पहिला व्यवहार या मार्गाने करावा.

प्रश्न: मी मस्कतला नोकरी करतो, पारपत्र भारतीय आहे. रत्नागिरीतील लिलावात भाऊ माझ्या वतीने बोली लावू शकतो का?

उत्तर: लावू शकतो. अनिवासी भारतीयाला निवासी किंवा व्यापारी मालमत्ता घेता येते; शेतजमीन, फळबागेची जमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. कोकणात ‘बंगला’ म्हणून दाखवलेल्या अनेक मालमत्तांची जमीन कागदोपत्री शेतीची असते, म्हणून सात-बारावर बिनशेतीची नोंद आहे का ते आधी तपासा. पैसे तुमच्या अनिवासी खात्यातून किंवा परदेशातून बँकेमार्फतच यायला हवेत. भावाच्या नावे द्यायच्या कुलमुखत्यारपत्रात बोली लावणे, रक्कम भरणे, विक्री प्रमाणपत्र स्वीकारणे, नोंदणीसाठी दस्त सादर करणे आणि ताबा घेणे हे अधिकार वेगवेगळे लिहा, ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरा. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून तो मूळ मालकाच्या पॅनवर भरायचा असतो, तेव्हा तो पॅन क्रमांक बँकेकडून आधीच मागून घ्या.